बिनधुराचे खाते

आमच्या मांजरी बुद्रुकच्या जुन्या घरात आठवड्यातून एकदा मशेरी भाजली जाई. भाकरीला बाद झालेला एक तवा त्यासाठी वेगळा ठेवलेला असे. आई तो चुलीवर टाकी, त्यावर तंबाखूची जाडीभरडी पाने चुरून पसरी आणि उलथन्याने परतत राही. मागच्या पडवीत असा काही ठसका उठे की आम्ही भावंडे खोकत खोकत अंगणात पळत असू. पाने काळीभोर झाली की निववून कुटायची आणि पितळेच्या डबीत भरायची. सकाळी उठल्यावर पहिला मान त्या डबीचा. आईची तर्जनी हिरड्यांवरून सावकाश फिरत असे आणि ती पाचदहा मिनिटे घरात कोणी तिच्याशी बोलत नसे. चूळ भरली की तिचा दिवस सुरू होई. दुपारी खुरपणीच्या बाया बांधावर टेकल्या की पुन्हा डब्या निघत आणि एकीच्या हातातून दुसरीच्या हातात जात.

वडील विडी ओढीत. त्यावरून आई त्यांना रोज बोले. एकदा, मी दहाबारा वर्षांचा असेन, शाळेत ऐकलेले शहाणपण घरी पाजळावे म्हणून मी तिला म्हणालो, "आई, तुझी मशेरी म्हणजे पण तंबाखूच की." आई माझ्याकडे असे पाहू लागली, जणू मी तिच्यावर चोरीचा आळ घेतला होता. म्हणाली, "मी काय इडी वढती व्हय रं? ही दाताची पूड हाय."

हे वाक्य मी विसरून गेलो होतो. गेल्या श्रावणात ते परत आले.

माझा नातू कॉलेजसाठी आमच्याकडे राहतो. वय एकोणीस. कपडे धुवायला टाकताना त्याच्या पँटच्या खिशात आमच्या सौभाग्यवतींना एक नळी सापडली. लिहिण्यावर रंग फासायची जाड पेने असतात तशी, कलिंगडाच्या रंगाची, हातात धरली तर वासही कलिंगडाचा. तिला वाटले, कॉम्प्युटरचे काहीतरी असेल. मला वाटले, अत्तर असेल. संध्याकाळी तो आला तेव्हा मी ती नळी टेबलावर ठेवली. त्याचा चेहरा क्षणभर उतरला, मग तो धीटपणे म्हणाला, "आजोबा, ही सिगारेट नाही. ह्यात धूर नसतो, नुसती वाफ असते."

त्याच्या तोंडून माझी आईच बोलत होती. पणजी आणि पणतू यांच्यात तीन पिढ्यांचे अंतर, एकीला सही येत नव्हती, दुसरा इंजिनियर होऊ घातलेला. पण युक्तिवाद अक्षरशः एकच. धूर नाही, म्हणजे दोष नाही.

मी एकोणचाळीस वर्षे बँकेत काढली. तिथे पहिल्याच महिन्यात एक धडा मिळतो: रक्कम किती, यापेक्षा ती कोणत्या खात्याला टाकायची हा प्रश्न मोठा. एकच लाख रुपये ठेव म्हणून टाका, कर्जाची वसुली म्हणून टाका नाहीतर उत्पन्न म्हणून टाका. नोटा त्याच, पण त्यांना लागू होणारे सगळे नियम बदलतात. ज्या रकमेचे नाव ठरत नाही ती सस्पेन्स अकाउंटला टाकायची, आणि ऑडिटर आला की आधी तेच पान उघडायचा. कारण लबाडी लपते ती तिथे. नळी हाती आल्यानंतरच्या चारसहा महिन्यांत मी या विषयावर जे मिळेल ते वाचून काढले, आणि माझ्या लक्षात आले की निकोटिनची सगळी कथा ही चुकीच्या खात्यात टाकलेल्या नोंदींची कथा आहे.

पहिली नोंद अमेरिकेतली. हर्बर्ट गिल्बर्ट नावाच्या गृहस्थाने १९६३ साली एका 'बिनधुराच्या, बिनतंबाखूच्या सिगारेटी'च्या पेटंटसाठी अर्ज केला आणि १९६५ साली त्याला ते मिळाले. पेटत्या तंबाखूच्या जागी गरम, दमट, सुवासिक हवा ओढायची, अशी त्याची कल्पना. त्यात निकोटिनही नव्हते. ते यंत्र बाजारात आले नाही. त्या काळात सिगारेट सगळीकडे चालत होती. विमानात, इस्पितळात, आमच्यासारख्या बँकेच्या काउंटरवरही. जिचा कोणाला त्रास वाटत नव्हता तिला पर्याय कोण शोधणार?

दुसरी नोंद जास्त बोलकी आहे. टेक्सासमधल्या सॅन अँटोनियो शहरात फिल रे नावाचा माणूस होता. आज आपण ज्याला पर्सनल कॉम्प्युटर म्हणतो त्याच्या पूर्वजांपैकी एक, 'डेटापॉइंट २२००', ज्या कंपनीने बनवला तिच्या संस्थापकांपैकी हा एक. सिगारेट सुटावी म्हणून त्याने आपले डॉक्टर नॉर्मन जेकबसन यांच्याबरोबर एक नळी तयार केली. सिगारेटीएवढी प्लास्टिकची नळी आणि आत निकोटिनने भिजवलेला बोळा. बॅटरी नाही, उष्णता नाही, वाफही नाही. ओढली की हवेबरोबर निकोटिन तोंडात. 'फेव्हर' या नावाने ती १९८०च्या दशकाच्या मध्याला विकायला आली. १९८७च्या फेब्रुवारीत अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने कळवले की हे निकोटिन शरीरात पोहोचवण्याचे साधन आहे, म्हणजे नवे औषध आहे, आणि परवानगीशिवाय औषध विकता येत नाही. फेव्हर बंद झाली.

आता गंमत पाहा. त्याच दुकानातल्या फळीवर पेटवून ओढायच्या सिगारेटी राजरोस होत्या. त्यांना त्या प्रशासनाची परवानगी लागत नव्हती, कारण त्या 'औषध' नव्हत्या. पुढे या प्रशासनाने सिगारेटींवर हात टाकायचा प्रयत्न केला तर २००० साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, तुम्हाला तो अधिकार नाही. तो मिळायला २००९चा कायदा यावा लागला. आणि १९९७ साली जवळपास त्याच धाटणीची, निकोटिन ओढायची प्लास्टिकची नळी डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळणारे औषध म्हणून रीतसर मंजूर झाली होती. वस्तू तीच म्हणावी इतकी सारखी. आधी खाते चुकले म्हणून बंद, मग खाते जुळले म्हणून चालू.

निकोटिनचे च्युइंगगमही असेच. स्वीडनमधल्या लिओ या औषध कंपनीतले ओव्हे फर्नो यांना १९६७ साली एका मित्राने लिहिले की पाणबुडीत सिगारेट ओढता येत नाही म्हणून नौसैनिक तोंडातल्या तंबाखूवर भागवतात. म्हणजे धुराविना निकोटिन दिले तर सिगारेट सुटेल? त्यातून गम निघाले. १९७८ साली स्वित्झर्लंडने आणि १९८४ साली अमेरिकेने ते औषध म्हणून मान्य केले. मला हे वाचताना हसू आले. पाणबुडीतल्या सैनिकांना जे उमगले ते आमच्या बांधावरच्या बायांना कधीच माहीत होते.

आणि मग चीनमधले औषधशास्त्रज्ञ होन लिक. २००३च्या सुमारास त्यांनी बॅटरीवर चालणारी, निकोटिनच्या द्रवाची वाफ करणारी सिगारेट तयार केली. आज नातवाच्या खिशात जी येते ती तिचीच पतवंडे. आत लिथियमची बॅटरी, तापणारी तार, ग्लिसरिन आणि प्रोपिलिन ग्लायकॉलचा द्रव, त्यात निकोटिन आणि फळांचे स्वाद. नव्या नळ्यांत एक खुबी आहे. शुद्ध निकोटिनची वाफ घशाला झोंबते, म्हणून माणूस बेताने ओढतो. त्यात आम्ल मिसळून निकोटिनचे क्षार केले की झोंबणे कमी होते आणि पोरगे सहज जास्त ओढते. आपल्याकडे तंबाखूला चुना लावतात तो उलट बाजूने तेच काम करतो: चुन्याने निकोटिन मोकळे होते आणि तोंडाच्या आतल्या कातडीतून झटकन रक्तात उतरते. जुन्या माणसांना रसायनशास्त्र येत नव्हते, पण किक कशाने बसते हे येत होते.

आता आपल्या घरातले खातेपुस्तक उघडू. 'ही दाताची पूड हाय' हे आईचे वाक्य एकट्या आईचे नव्हते. कारखानदारही तेच म्हणत. तंबाखू घातलेल्या दंतमंजनांवर आणि टूथपेस्टींवर केंद्र सरकारने १९९२ साली बंदी घातली. उत्पादक न्यायालयात गेले आणि १९९७ साली सर्वोच्च न्यायालयाने बंदी उचलून धरली. बिनधुराच्या निकोटिनवरचा हा आपल्याकडचा पहिला मोठा निकाल म्हणायला हरकत नाही. पण निकाल लागू झाला तो कारखान्यातल्या डब्यांना. तव्यावरच्या मशेरीला परवाना नव्हता, लेबल नव्हते, म्हणून तिला बंदीही पोचली नाही. वाण्याकडून सुटी तंबाखू आणायची आणि घरी भाजायची, यात कोणता कायदा मोडला?

मग गुटखा आला. महाराष्ट्र सरकारने २००२ साली त्यावर बंदी घातली. २००४ साली सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली, राज्याला तसा अधिकार नाही म्हणून. पुढे २०११ साली अन्नसुरक्षेच्या नियमांत आले की कोणत्याही खाद्यपदार्थात तंबाखू किंवा निकोटिन असता कामा नये. म्हणजे गुटखा अन्नाच्या खात्यात टाकला, आणि त्या खात्यावर राज्याला २०१२च्या जुलैत पुन्हा बंदी घालता आली. मुंबईचे मुरली देवरा सार्वजनिक ठिकाणच्या धूम्रपानाविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेले होते आणि २००१ साली त्यांच्या बाजूने आदेश झाला होता. धुराचे खाते असे आधीच उघडले गेले होते. धुराने शेजाऱ्याला त्रास होतो, म्हणून शेजारी कोर्टात जातो. मशेरीने शेजाऱ्याला काय होते? काही नाही. जिला होते ती बोलत नाही.

गुटखाबंदीनंतर काय झाले ते टपरीवर उभे राहणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. पानमसाल्याची एक पुडी, तंबाखूची दुसरी. दोन्ही एकत्र चोळायच्या. एक नोंद बंद केली तर तिच्या दोन झाल्या.

आणि शेवटी २०१९. त्या वर्षी १८ सप्टेंबरला केंद्राने ई-सिगारेटवर वटहुकूम काढला, डिसेंबरात त्याचा कायदा झाला. निर्मिती, आयात, निर्यात, वाहतूक, विक्री, साठा, जाहिरात, सगळे बंद. पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पुन्हा केल्यास तीन वर्षांपर्यंत कैद आणि पाच लाखांपर्यंत दंड. व्याख्या इतकी रुंद की आत निकोटिन असो वा नसो; म्हणजे गिल्बर्टची १९६५ची सुवासिक हवाही त्यात अडकेल. इथे सरकारने 'औषध की तंबाखू की अन्न' हा घोळच घातला नाही. नवे पान उघडले आणि त्यावर 'बंद' असा शिक्का मारला.

हे चुकले का? इंग्लंडने उलट केले. तिथल्या सरकारी आरोग्यसंस्थेने २०१५ साली सांगितले की ई-सिगारेट जळत्या सिगारेटीपेक्षा पुष्कळ कमी घातक आहे, आणि सिगारेट सोडू पाहणाऱ्यांना ती वापरू दिली. तरी मुलांच्या हाती रंगीत नळ्या दिसू लागल्या तेव्हा जून २०२५ पासून वापरून फेकायच्या नळ्यांवर तिथेही बंदी आली. अमेरिकेत २०१९-२०त नळ्या ओढून फुप्फुसे निकामी झाल्याची साथच आली. फेब्रुवारी २०२०पर्यंत ६८ माणसे दगावली. हेही खरे की त्यातला मोठा वाटा गांजाच्या अर्काच्या नळ्यांत मिसळलेल्या 'ई' जीवनसत्त्वाच्या तेलाचा होता, साध्या निकोटिनच्या नळ्यांचा नव्हे. दोन्ही बाजूंना बोलायला जागा आहे.

पण ही सगळी चर्चा धुराच्या तुलनेत चालते, आणि आपला हिशेब तिथे चुकतो. देशव्यापी तंबाखू सर्वेक्षणाच्या २०१६-१७च्या फेरीत महाराष्ट्रात पंधरा वर्षांवरील २६.६ टक्के लोक कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू घेत होते. धूर काढणारे फक्त ३.८ टक्के, बिनधुराची घेणारे २४.४ टक्के. सिगारेटीपेक्षा नळी बरी, हे इंग्लंडचे गणित इथल्या मोठ्या जमावाला लागूच पडत नाही. मशेरी लावणाऱ्या बाईला नळीने कमावण्यासारखे काही नाही, आणि माझ्या नातवासारख्या कधीच सिगारेट न ओढलेल्या मुलाला तर सगळे गमावण्यासारखेच आहे.

बरे, हे कोणाला माहीत नव्हते असेही नाही. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या डॉ. फली मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आपल्याच पुणे जिल्ह्यातल्या १,०१,७६१ खेडुतांची तोंडे तपासली होती. अहवाल १९७२ साली छापून आला. त्यात सुमारे ३९ टक्के बाया मशेरी लावणाऱ्या निघाल्या. मी आईला तो प्रश्न विचारला त्याच काळातली ही गोष्ट. आमच्या पडवीपर्यंत तो अहवाल आला नाही.

माझ्या मावशीला हिरडीचा कॅन्सर झाला. खालचा अर्धा जबडा काढावा लागला. त्यानंतर ती चार वर्षे जगली, आणि ती चारही वर्षे तिने पदराने तोंड झाकून काढली. आई मात्र एकोणऐंशी वर्षे जगली, शेवटच्या आठवड्यापर्यंत मशेरी लावून, तोंडात साधा फोडही न येता. घरात कोणी मशेरीवर बोलले की ती स्वतःचे उदाहरण देई. बहिणीचे देत नसे. बँकेत एक कर्जदार थकला नाही म्हणून कर्जाचे धोरण बरोबर ठरत नाही, हे मला कळत होते. पण आईला सांगायचे कसे, हे मला कधी कळले नाही.

माझे हातही स्वच्छ नाहीत. मी चौदा वर्षे सिगारेट ओढली, १९९६ साली सोडली. त्याआधी सीमाभागात, निपाणीच्या तंबाखूपट्ट्यात नोकरी केली. शरद जोशींच्या नेतृत्वाखाली १९८१ साली तिथे तंबाखू शेतकऱ्यांचे आंदोलन झाले होते, गोळीबारात शेतकरी मेले होते. मी गेलो तेव्हाही लोक त्याविषयी दबक्या आवाजात बोलत. तंबाखूच्या तारणावर आम्ही कर्ज देत असू. वखारीची किल्ली माझ्या खिशात असे. साठा मोजायला आत गेलो की डोळ्यांतून पाणी यायचे आणि डोके जड व्हायचे. पोती बाहेर काढणाऱ्या, पाला चाळणाऱ्या बाया दिवसभर त्यातच उभ्या असत. माझ्या रजिस्टरात पोत्यांचा आकडा होता, भाव होता, मार्जिन होते. त्या पाल्याची पुढे कोणाच्या हिरडीवर काय नोंद होणार, त्याला रकाना नव्हता. त्यातलेच एखादे पोते आईच्या तव्यापर्यंत आले नसेल कशावरून?

म्हणून मी नातवाला ओरडलो नाही. ओरडण्याचा हक्क मला कुठून असणार? त्याला विचारले, कुठे मिळते? म्हणाला, कॉलेजजवळच्या एका टपरीवर. मागितली की खालून काढून देतात. वर सिगारेटची पाकिटे राजरोस मांडलेली आणि त्यांच्याखाली ही. दिवसाला किती? त्याला सांगता येईना. सिगारेट मोजता येते, संपली की थोटूक उरते. नळीला थोटूक नसते. अभ्यासाला बसला की हातात, झोपताना उशाशी. मी म्हणालो, "दोन दिवस माझ्या कपाटात ठेवू दे. नंतर परत देतो." तो हसून हो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो माझ्या खोलीच्या दारात उभा होता. चिडलेला, हात थरथरत होते, डोळे भरलेले. म्हणाला, "आजोबा, मला वाटलं होतं मला सवय नाही."

आम्ही दोघे डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी सारे शांतपणे ऐकून घेतले आणि निकोटिनचे गम लिहून दिले. किती, केव्हा, आणि ते कसे कमी करत न्यायचे तेही कागदावर मांडून दिले. सरकारची फुकट मदतीची फोनसेवाही आहे, १८००-११-२३५६. तंबाखूच्या पाकिटांवरच हा क्रमांक छापलेला असतो. नातवाने स्वतः फोन लावला. मी खोलीबाहेर थांबलो.

निकोटिन सोडायला पुन्हा निकोटिनच, हे पाहून आमच्या सौभाग्यवती वैतागल्या. मी त्यांना सांगितले, जुने कर्ज फेडायला कमी व्याजाचे, मुदतीचे कर्ज काढतात तसे हे. फक्त हप्ता चुकवायचा नाही आणि मुदत वाढवून घ्यायची नाही. त्यांना पटले की नाही, देव जाणे. हे लिहितो आहे तेव्हा चौथा महिना चालू आहे. मध्ये एकदा तो घसरला. आपणहून येऊन त्याने ते सांगितले, हे मी जमेच्या बाजूला धरले आहे.

आता मांजरीत चुली नाहीत. वांग्यांच्या वाफ्यांवर इमारती उभ्या राहिल्या आणि गाव महापालिकेत गेले. पण पहाटे वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटच्या बाजूला फिरायला जातो तेव्हा बांधकामावरच्या बाया पत्र्याच्या खोल्यांपुढे उकिडव्या बसलेल्या दिसतात, तोंडात तर्जनी घालून, कोणाशी न बोलता. त्यांच्यासाठी वटहुकूम निघालेला नाही. तो काढून उपयोगही नाही. तव्यावर धाड कोण घालणार? तिथे कोणीतरी जाऊन, शेजारी बसून, तोंड उघडून पाहावे लागेल, पन्नास वर्षांपूर्वी डॉक्टर मेहतांच्या माणसांनी पाहिले तसे, आणि या वेळी जे दिसेल ते त्या बाईला सांगावेही लागेल.

परवा नातवाने विचारले, "पणजीची कधी सुटली का हो?"

"नाही," मी म्हणालो. "तिला कोणी सोडायला मदतच केली नाही. मीसुद्धा."